घरी बसलेली एक्केचाळीस मतं

करंजखाडी, ता. रत्नागिरी
१२ डिसेंबर १९८७

चि. कमाल यास मोठी बहीण हाजराबुबूचा सलाम आणि पुष्कळ दुवा.

तुझं पत्र येऊन दोन महिने झाले. कुवेतात कागद मिळत नसेल तर कळव, इथून पाठवते. अम्मा रोज विचारते आणि मी रोज सांगते की गोदामात माल आला असेल, कमालला वेळ नसेल. परवा हेच सांगितलं तेव्हा म्हणाली, एवढा माल येतो तर तो कोण खातं?

बातमी अशी की तुझे भावजी ग्रामपंचायतीला उभे राहतायत. वॉर्ड नंबर दोन, एक जागा, फेब्रुवारीत मतदान. त्यांच्या मनात काही नव्हतं. पंचवीस वर्षं जहाजावर काढून आले, आता खाडीवर बसून मच्छीमारांच्या होड्यांची मशीनं दुरुस्त करतात, त्यातच खूश होते. पण गेल्या महिन्यात खारवीवाड्यातली चार माणसं आली आणि सखू डोर्लेकरीण पुढे होऊन म्हणाली, "रसूलभाय, तुमी उभे राव्हा. आमच्या वाड्याची मतं तुमचीच." ह्यांना नाही म्हणता येत नाही, हे तुला माहीत आहेच. समोर आप्पा शिवलकर आहेत. आप्पा कशावरच काही बोलत नाहीत. हात जोडतात, हसतात आणि पुढच्या घराकडे जातात.

खारवीवाड्यात नळ नाही. बायका अजून घाटीवरच्या विहिरीवरून पाणी आणतात. मी ह्यांना म्हटलं, तुम्ही फक्त नळाबद्दल बोला, दुसरं तोंड उघडू नका. पण आमच्या घरात रेडिओ आहे आणि गावात केरूचं हॉटेल आहे. तू गेलास तेव्हा तिथे साधी बाकडी होती, आता त्या दोघांच्या लढाईपायी एक इराणचं आहे आणि एक इराकचं. चुलीजवळच्या बाकावर म्हातारा रावजी तांडेल बसतो. तो तरुणपणी गलबतावरून बंदर अब्बासला कौलं घेऊन जायचा, आणि इराणी माणसानं त्याला एकदा डाळिंबं खिलवली होती. दाराजवळच्या बाकावर आपल्या फातिमाचा नवरा, कारण त्यांचे दोन मुलगे बगदादच्या कंपनीत आहेत. दोन्ही बाकडी तुझ्या भावजींची, म्हणजे मतं ह्यांनाच देणार. आणि हे मधे उभे राहून दोघांनाही सांगतात की आपल्या सरकारनं कुणाचीच बाजू घेतली नाही, तेच शहाणपणाचं आहे. मग दोन्ही बाकडी मिळून ह्यांच्यावर ओरडतात. मी कपाळाला हात लावते.

तू तरी चार ओळी लिही. भावजी तुझं ऐकतात.

तुझी
हाजराबुबू


कुवेत
२० जानेवारी १९८८

प्रिय बुबूस कमालचा सलाम. अम्माचे पाय शिवतो.

अक्षर बघून घाबरू नकोस. गोदामात खोका उघडताना पत्रा लागून उजव्या हाताला जखम झाली. किरकोळ आहे. इथला एक दोस्त माझ्या सांगण्यावरून लिहितोय, त्याचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे.

भावजी उभे राहिले हे वाचून फार बरं वाटलं. त्यांना सांग, त्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. लोक उगाच घाबरवतात. लढाई इथून लांब कुठे तरी चालू आहे, आम्हाला ती रेडिओवरच ऐकू येते. मी सकाळी गोदाम उघडतो, दुपारी जेवून झोपतो, संध्याकाळी बंद करतो. माझ्यावर आलेलं सगळ्यात मोठं संकट म्हणजे गोदामातलं मांजर, ते तांदळाच्या पोत्यांवर पिल्लं घालून बसलं आहे आणि मला आत येऊ देत नाही. समुद्र मी फक्त खिडकीतून बघतो. गावात कुणी काही बोललं तर हे पत्र खुशाल दाखवा.

अम्माला सांग, दुपारी झोपल्यामुळे माझं वजन वाढलं आहे.

तुझा
कमाल

ता. क. लिहिणाऱ्याचाही सर्वांना नमस्कार. मला जे सांगितलं ते मी लिहिलं आहे.


करंजखाडी
९ फेब्रुवारी १९८८

चि. कमाल यास बुबूचा सलाम.

तुझं पत्र अगदी वेळेवर आलं, असं आम्हाला वाटलं होतं. आता मला तसं वाटत नाही. काय बिघडलं ते समजत नाही, म्हणून सगळं सांगते.

रविवारी संध्याकाळी खारवीवाड्यात सभा होती. सुकत घातलेली जाळी बाजूला करून जागा केली होती. शंभर तरी माणसं असतील, बायका जास्त. ह्यांनी सुरुवात नळापासून केली, मला आत हायसं वाटलं. पाईप कुठून येईल, टाकी कुठे बसेल, सगळं नीट सांगत होते. तेवढ्यात सखू उभी राहिली.

"रसूलभाय, नळाचं मागाहून बघू. माझा धोंडू तिकडं तेलाच्या जहाजावर हाय. अमेरिका आपल्या जहाजांसंगती लढाऊ जहाजं पाठवते असं रेडिओत सांगतात. आपली का नाय जात?"

धोंडूला आता तिकडे वर्ष होऊन गेलं, तुला आठवत असेल, उंच, कमी बोलणारा. ह्यांनी शांतपणे सांगितलं, "सखूबाय, आपण लढाऊ जहाज पाठवलं की एकाची बाजू घेतल्यासारखं होतं. मग दुसरा आपल्यावर उलटणार. दिल्लीनं दोघांपासून सारखं अंतर ठेवलंय, ते विचार करूनच."

"अंतर दिल्लीनं ठेवलंन. धोंडूनं कुठं ठेवायचं?"

लोक हसले आणि लगेच जाळ्यांकडे बघू लागले. मग रावजी उठला आणि म्हणाला इराणनं आपल्या माणसाला कधी हात लावलेला नाय, तर फातिमा पदर खोचून उभी राहिली, "मग काय इराकनं लावलान?" दोन्ही बाकडी वाड्यात येऊन बसली होती की काय कोण जाणे. ह्यांनी दोघांनाही हात करून खाली बसवलं आणि म्हणाले, भांडू नका, काळजीचं काही कारणच नाही. आणि खिशातून तुझं पत्र काढून वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मांजरासकट.

मला वाटलं लोक हसतील. कुणी हसलं नाही. सखूनं विचारलं, "हे पत्र कमालचं?"

"हो."

"दुकानातनं लिवलेलं?"

"गोदामातून."

सखूनं ह्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग ती पदर सावरून चालू लागली. तिच्यामागे एकेक करून वाड्यातल्या सगळ्या बायका उठल्या. सभा तिथेच संपली.

तेव्हापासून सखू माझ्याशी बोलत नाही. काल विहिरीवर भेटली तर कळशी अर्धीच भरून निघून गेली. तीस वर्षांची ओळख आहे आमची. रावजी रागावलाय की ह्यांनी इराणची बाजू घेतली नाही, फातिमा रागावलीय की इराकची घेतली नाही, पण ते दोघं ह्यांच्या तोंडावर भांडतात तरी. सखू काहीच बोलत नाही. हे म्हणतात मतं मोजेपर्यंत सगळे शांत होतील. मला ती शांतताच नको वाटते.

हाताची जखम कशी आहे? सांभाळ.

तुझी
बुबू


करंजखाडी
२४ फेब्रुवारी १९८८

कमाल,

आज सलाम नाही, दुवाही नाही. दुवा मी मनात रोज करते, कागदावर तुला मिळणार नाही.

भावजी पडले. आप्पा सत्त्याण्णव, हे अठ्ठ्याऐंशी. आप्पांना मिळाली ती त्यांची नेहमीचीच मतं, एकही जास्त नाही. आपल्या बाजूचं एकही माणूस आप्पांकडे गेलं नाही. ते फक्त घरी बसले. खारवीवाड्याची एक्केचाळीस मतं आहेत, त्यांतलं एकही पेटीत पडलं नाही. रावजी म्हणाला गुडघा दुखतोय. फातिमाच्या घरी पाहुणे आले.

का ते आता सांगते. मतदानाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी न राहवून सखूकडे गेले. म्हटलं, मत देऊ नकोस, पण माझ्याशी का बोलत नाहीस ते सांग. ती मासे साफ करत होती. तिनं हात धुतले, आत गेली आणि एक पत्र आणून माझ्यापुढे धरलं.

"धोंडूचं हाय. बाबल्या पोस्टमननं परवा वाचून दाखवलान. आता तू वाच. मोठ्यानं वाच."

मी पाकिटातून कागद काढला. अक्षर ओळखीचं होतं. तुझ्या मांजराच्या पत्राचं अक्षर.

मी मोठ्यानं वाचलं, कमाल. जहाजाला तीन जानेवारीला रॉकेट लागलं. मागच्या खोल्या जळाल्या. धोंडूला काही झालं नाही. "कमालभाईंचा उजवा हात भाजला आहे पण आता बरा होतोय, ते हाजराबायना काळजी वाटेल म्हणून मला वेगळंच लिहायला लावतात." इथपर्यंत वाचलं आणि पुढचं मला दिसेना.

सखू म्हणाली, "कमाल धोंडूच्या जहाजावर हाय, हे मला दिवाळीपासून ठावक हाय. त्याच्या दिवाळीच्या पत्रातच होतं. मला वाटलं, तुमाला ठावक असणारच. मग रसूलभायनं सभेत ते गोदामाचं वाचलान. मी म्हटलं, मतांसाठी आपल्या मेव्हण्याचं सुद्धा खोटं वाचतात, मग माझ्या पोराचं काय सांगतील?" मग माझ्या तोंडाकडे बघून तिचा आवाज बदलला. "हाजराबाय, तुला खरंच ठावक नव्हतं?"

तिनं मला पाणी दिलं. आम्ही दोघी तिथेच बसलो. मासे मांजरानं खाल्ले, ह्या खेपेस खऱ्या मांजरानं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. म्हटलं, आत्ताच्या आत्ता वाड्यात जा, सांगा की पत्र खोटं होतं आणि आपल्याला माहीत नव्हतं. ह्यांनी रेडिओ बंद केला. मग म्हणाले, "उद्या मतदान आहे. आज गेलो तर लोक म्हणतील, मतं जायला लागली म्हणून रडत आला. नाही जायचं." मी मनात म्हटलं, म्हणजे मतांचाच विचार. मग मीही उद्या घरीच.

आणि मी घरी बसले. हे कुणालाच ठाऊक नाही, तुला सांगते. स्वतःच्या नवऱ्याला मत दिलं नाही. रविवारी हे सकाळी सातला टोपी घालून निघाले, आणि दुपारी फातिमाच्या सुनेनं सांगितलं की उमेदवार बूथवर नाहीतच, एसटीनं रत्नागिरीला कुठल्या पुढाऱ्याला भेटायला गेलेत. मला आणखी राग आला. संध्याकाळी सहाला परत आले, चेहरा उतरलेला, पण मला म्हणाले, "कमाल बरा आहे, काळजी करू नकोस." मला वाटलं, आता हेही तुझ्यासारखंच गोड बोलायला लागले.

खरं काय ते लिही. अम्माला मी अजून काही सांगितलेलं नाही. तुझ्याच हातानं लिही, वाकडं आलं तरी चालेल.

हाजरा


जहाजावरून, कुवेत बंदर
१८ मार्च १९८८

बुबू,

हे माझं अक्षर आहे. दोन बोटं अजून नीट वाकत नाहीत म्हणून ओळी चढतायत.

गोदाम गेल्या ऑगस्टमध्ये बंद झालं. घरी परत यायचं किंवा जहाजावर चढायचं, दोनच वाटा होत्या. मी जहाजावर चढलो. तुला लिहिलं नाही, कारण बाबा होडीसकट बुडाल्यानंतर समुद्रावर न जाण्याची शपथ तू माझ्याकडून घेतली नव्हतीस तरी मला निघताना ज्या नजरेनं बघितलंस ती शपथेपेक्षा कमी नव्हती. पहिल्या पत्रात एक खोटं लिहिलं, मग दुसऱ्यात त्याला शोभेल असं लिहावं लागलं. मांजर मात्र खरं होतं. ते जुन्या गोदामात होतं.

तीन जानेवारीला सकाळी मी खालच्या खोलीत कपडे धूत होतो. आवाज फार मोठा नव्हता, लोखंडी दार आपटावं तसा. मग दिवे गेले आणि धूर आला. मी दाराची कडी धरली, ती तापलेली होती, तिथेच हात भाजला. दार उघडेना. पलीकडून धोंडू हातोडा घेऊन आला. त्यानं कडी तोडली, माझा दंड धरला आणि मला जिन्यावरून ओढत वर नेलं. तोपर्यंत एक शब्द बोलला नाही. वर आल्यावर म्हणाला, "कमालभाय, तुमची लुंगी राहिली खाली." तेव्हा मला कळलं की मी जिवंत आहे आणि मला लाज वाटायला हवी.

रॉकेट कुणाचं ते कुणी पाहिलं नाही. इराणचं की इराकचं, दोन्ही बाकड्यांना सांग, त्याच्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

धोंडूनं ते मांजराचं पत्र लिहिताना तीनदा पेन खाली ठेवलं. म्हणाला, मी माझ्या आईला खरंच लिहिणार. मी म्हटलं, तुझ्या आईचं काळीज दगडाचं आहे. तो म्हणाला, नाय, पण ती विचारते तेव्हा तिला उत्तर लागतं.

तुझ्या पत्रातलं ते एक्केचाळीस वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. भावजी पडले ते माझ्यामुळे. हे पत्र त्यांना दाखव. त्यांना वाटेल ती शिक्षा मला मान्य आहे. अम्माला तूच सांग, हळू सांग.

कमाल


करंजखाडी
१० एप्रिल १९८८

चि. कमाल यास गुलाम रसूल होडेकर, पराभूत उमेदवार, वॉर्ड क्रमांक दोन, यांचा सलाम.

तुझे पत्र मिळाले. तुझ्या बहिणीने ते दोनदा वाचले, मग माझ्या हातात दिले आणि पाठ फिरवून उभी राहिली. मी वाचून संपवल्यावर तशीच पाठमोरी म्हणाली, "मला एक सांगायचंय. मी मत दिलं नाही."

मी म्हणालो, "ठाऊक आहे. त्या संध्याकाळी तू मला चहा दिलास, तेव्हा बोटाला शाई नव्हती."

ती वळली. "मग बोलला का नाहीत?"

मी माझे बोट पुढे केले. इतक्या दिवसांनी त्याला शाई असती तरी राहिली नसती, पण तिला समजले. ती माझ्या समोर येऊन बसली.

कमाल, त्या रविवारी मी कोणत्याही पुढाऱ्याला भेटलो नाही. सकाळी सातच्या एसटीने रत्नागिरीला तार ऑफिसात गेलो आणि मुंबईला जहाजावरचे माझे जुने सोबती कासमभाई यांना ट्रंक कॉल लावला. तीन तास लागले. कासमभाई जहाजाच्या एजंटच्या घरी गेले, रविवार म्हणून तो लग्नाला गेला होता, तिथे जाऊन त्याला गाठला. दुपारी साडेतीनला परत फोन आला की तू चालतोस, फिरतोस आणि जेवणाबद्दल तक्रार करतोस. त्यानंतरची एसटी चुकली. गावात पोहोचलो तेव्हा मतदान तासापूर्वी बंद झाले होते. उमेदवाराने स्वतःलाच मत दिले नाही, असे या तालुक्यात पूर्वी झाले असेल असे वाटत नाही. तुझ्या बहिणीला तेव्हाच सांगितले नाही, कारण ती म्हणाली असती, पडल्यावर आता कारणे सांगताय.

हे ऐकून ती इतकी हसली की अम्मा आतून काठी टेकत आली. मग अम्मालाही सगळे सांगावे लागले. अम्मा म्हणाली, "मला दिवाळीपासून ठाऊक आहे. सखूनं सांगितलं होतं. तुम्हाला काळजी वाटेल म्हणून मी बोलले नाही." आता या घरात कुणी कुणाला काळजी वाटू नये म्हणून काही लपवायचे नाही, असा ठराव अम्माने मांडला आणि तो एकमताने मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी मी सखूबाईंकडे गेलो. म्हणालो, "खोटं आहे हे मला माहीत नव्हतं. पण माहीत नसताना शंभर माणसांत मोठ्यानं वाचलं, ही चूक माझी." त्या म्हणाल्या, "मग आता खरं हाय ते वाचा. तितक्याच मोठ्यानं."

म्हणून गेल्या रविवारी त्याच जागी पुन्हा सभा घेतली. निवडणूक नाही, चिन्ह नाही, नळाचे आश्वासनही नाही, तरी इतकी माणसे आली की काही जण होड्यांच्या काठांवर बसले. घरी बसलेले एक्केचाळीसही आले. तुझे पत्र वाचले. तुझ्या लुंगीपाशी पोहोचलो तेव्हा वाडा हसला, आणि सखूबाई हसता हसता डोळे पुसत होत्या, कारण दार तोडल्याचे धोंडूने आईलाही कळवले नव्हते.

मग मी एवढेच बोललो की, बाजू घेऊ नये असे मला अजूनही वाटते. युद्धात उतरणे आपले काम नाही. पण बाजू न घेणे आणि आपल्या माणसाची चौकशी न करणे या दोन गोष्टी मी एकच समजून चाललो होतो. तुम्ही घरी बसलात तेव्हा मला ते समजले. रावजी म्हणाला, "आता बरोबर बोललात. आधी बोलला असतात तर गुडघा दुखला नसता."

सखूबाई म्हणाल्या, अर्ज लिहा. तिथेच दिल्लीच्या परराष्ट्र खात्याला अर्ज लिहायला घेतला. रावजीला त्यात इराकचा निषेध हवा होता, फातिमाला इराणचा. पाऊण तास वाद झाला. शेवटी "उभय देशांनी" असा शब्द घातला, तो दोघांनाही कळला नाही, त्यामुळे मान्य झाला. मागण्या दोन. आपल्या खलाशांच्या जहाजांना संरक्षण द्यावे, आणि जहाजाला काही झाले तर घरी चोवीस तासांत तार यावी. दुसरी मागणी तुझ्या बहिणीची.

सह्या आणि अंगठे मिळून दोनशे एकतीस झाले. निवडणुकीला एकशे पंच्याऐंशी माणसे आली होती. पहिली सही आप्पांनी केली. हात जोडले, हसले, आणि म्हणाले, "रसूलभाय, माझी आई पण विचारत होती, आपली जहाजं का नाय जात." निवडणूक सुरू झाल्यापासून मी त्यांच्या तोंडून ऐकलेले हे पहिलेच पूर्ण वाक्य.

शिक्षेचे म्हणशील तर ती अशी की, यापुढे दर पंधरा दिवसांनी खरे पत्र लिहायचे. जेवण वाईट असेल तर वाईट लिहायचे.

तुझा
गुलाम रसूल


जहाजावरून
१२ मे १९८८

भावजींस आणि बुबूस कमालचा सलाम.

जेवण वाईट आहे. स्वयंपाकी फिलिपिन्सचा आहे, आमटीत साखर घालतो.

अर्जाची नक्कल मिळाली. जेवणघरात मी ती वाचून दाखवली, आधी मराठीत आणि मग मोडक्यातोडक्या हिंदीत. धोंडू कोपऱ्यात उभा होता. आईचा अंगठा कुठला ते त्यानं विचारलं आणि बराच वेळ बघत राहिला.

मग सगळे म्हणाले आम्हीही सही करणार. वेगळ्या कागदावर एकोणीस सह्या पाठवतोय. कराचीचा नझीर इंजिनात आहे, तो विचारत होता, "मेरी सही तुम्हारी दिल्ली को चलेगी?" मी म्हटलं, भावजींना विचारतो, ते आमचे परराष्ट्र मंत्री. त्यानं विचार करून सही केली आणि खाली उर्दूत लिहिलं, मी पण याच जहाजावर आहे. हा कागद अर्जाला जोडायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

काळजी वाटेल असं एकच लिहायचं आहे. परवा पुन्हा विमानं डोक्यावरून गेली. आम्ही सगळे जाकिटं घालून वर उभे राहिलो. काही झालं नाही. भीती वाटली. हे लिहून बरं वाटलं.

माझा आणि धोंडूचा करार ऑक्टोबरात संपतोय.

तुमचा
कमाल


करंजखाडी
२६ ऑगस्ट १९८८

चि. कमाल यास बुबूचा सलाम, दुवा, आणि फेब्रुवारीत राहिलेलाही दुवा.

तुम्ही लोकांनी तिथे आधीच ऐकलं असेल, पण इथलं कसं ऐकलं ते सांगते. शनिवारी केरूच्या हॉटेलात रेडिओवर बातमी आली की लढाई थांबली, दोन्ही देशांनी मान्य केलं. रावजी तांडेल चुलीजवळच्या बाकावरून उठला, दाराजवळच्या बाकावर जाऊन बसला आणि फातिमाच्या नवऱ्याला म्हणाला, सरक. केरूनं दोघांना एकाच ताटलीत भजी दिली.

दिल्लीचं उत्तर जुलैतच आलं होतं. तीन ओळी आहेत. आपला अर्ज मिळाला, संबंधित विभागाकडे पाठवला आहे. केरूनं त्याला चौकट करून भिंतीवर लावलंय. नझीरचा कागद भावजींनी जोडला होता. चार दिवस विचार केला आणि मग म्हणाले, खलाशी आहे, जोडू या.

वाड्याच्या नळाचं म्हणशील तर आप्पांनी खरंच मंजुरी आणली, पण पंप चालू होईना. मग तुझ्या भावजींना बोलावलं. हे तीन दिवस विहिरीत उतरून काम करत होते आणि आप्पा वर कंदील धरून उभे होते. आता पाणी येतं. गावात विचारलं की नळ कुणी आणला, तर अर्धे आप्पांचं नाव घेतात, अर्धे ह्यांचं, आणि दोघंही आपापलं नाव ऐकून खूश असतात.

उद्या नारळी पुनव. सगळ्यांना होड्या बाहेर काढायच्या म्हणून काल दिवसभर खाडीवर मशीनांचा आवाज चालू होता. मी ह्यांना भाकरी द्यायला गेले होते. सखू तिथे आली, हातात नारळ. आल्या आल्या ह्यांच्या समोर उभी राहिली.

"रसूलभाय, एक विचारू? लढाई थांबली ती आपल्या अर्जामुळंच ना?"

ह्यांनी हातातला पाना खाली ठेवला. तुला सांगते कमाल, मी ह्यांच्या चेहऱ्यावर सगळं येताना पाहिलं. संयुक्त राष्ट्रांचा ठराव, आठ वर्षांची लढाई, दोन्ही देश कसे थकले, तेलाचे भाव, सगळं ओठापर्यंत आलं. तोंड उघडलंसुद्धा. पलीकडे होडीवर बसलेले रावजी आणि चार खारवी काम थांबवून ऐकत होते.

सखू वाट बघत होती.

हे म्हणाले, "व्हय सखूबाय. त्यामुळंच."

सखूनं मान हलवली, मला ठावक होतंच अशी, आणि ह्यांच्या पुढ्यातल्या होडीवर नारळ ठेवून घरी गेली. जाताना मला म्हणाली, "पुढच्या टायमाला ह्यांना पुन्हा उभं कर. आता बोलायला शिकलेत."

ऑक्टोबरात दोघं या.

तुझी
हाजराबुबू